जगाच्या नद्या आणि आपला बुजलेला ओढा



मुलगा शाळेतून आला आणि म्हणाला, "आबा, मला पुठ्ठा पाहिजे, रंग पाहिजेत, आम्हाला नद्यांचा प्रकल्प करायचा आहे," की आपण काय म्हणतो? "आधी वैरण काढ, मग तुझ्या नद्या बघू!" मीही माझ्या मुलांना असेच म्हणत आलो. पण कृष्णाकाठच्या एका गावातील शाळेने मला या बाबतीत चांगलाच धडा दिला. तो तुमच्यापुढे ठेवतो.

त्या शाळेतील भूगोलाच्या गुरुजींनी नववीच्या मुलांचे सहा गट केले. एका गटात पाच-सहा मुले. पाच गटांना परदेशातल्या नद्या दिल्या, सहाव्या गटाला आपली कृष्णा. मैदानावर फक्कीने जगाचा नकाशा आखला आणि त्यात निळ्या रांगोळीने नद्या सोडल्या. लांबी आणि उगम पाठ करून भागणार नव्हते. प्रत्येक गटाने चार प्रश्नांची उत्तरे द्यायची होती. नदी कुठून येते व कुठे जाते? तिच्या पाण्यावर कोणती पिके होतात? माणसाने तिचे काय केले? आणि त्याचे फळ काय मिळाले? शेतीचे प्रश्न निघतील म्हणून गुरुजींनी मला बोलावून घेतले होते. मी गेलो होतो शिकवायला, आलो शिकून.

नाईलचा गाळ

पहिला गट नाईलचा. लांबी सुमारे 6,650 किलोमीटर. इजिप्त देशात पाऊस जवळजवळ नाहीच; तिथली शेती म्हणजे नाईलच्या दोन्ही काठांची हिरवी पट्टी, बाकी वाळवंट. उन्हाळ्याच्या शेवटी इथिओपियाच्या डोंगरात पाऊस कोसळायचा, तिथली माती घेऊन निळी नाईल खाली यायची आणि खार्टूमजवळ पांढऱ्या नाईलला मिळायची. पूर ओसरला की शेतात नव्या गाळाचा थर. त्यावर बी टाकायचे. हजारो वर्षे इजिप्तच्या शेतकऱ्याने असा आयता गाळ खाल्ला.

कैरो शहरात नाईलच्या एका बेटावर इसवी सन 861 मध्ये बांधलेला एक दगडी खांब आहे. त्यावर हाताची मापे कोरलेली आहेत. पूर किती मापांवर गेला ते पाहून त्या वर्षी पीक किती येणार याचा अंदाज बांधीत आणि त्यावरून सारा ठरवीत. म्हणजे आणेवारीच, फक्त पाण्यावर मोजलेली!

पुढे 1970 साली आस्वानचे मोठे धरण पुरे झाले. बारमाही पाणी मिळाले, वीज मिळाली, दुष्काळाची धास्ती गेली. हा फायदा लहान नव्हे. पण गाळ धरणाच्या पोटात अडकला आणि रासायनिक खताशिवाय शेती चालेना. बाराही महिने पाणी दिल्याने जमिनीखालच्या पाण्याची पातळी वर आली. तेव्हा सरकारला लाखो हेक्टर जमिनीत भोकाचे नळ पुरून जादा पाणी बाहेर काढण्याची सोय करावी लागली. नाईल गटाच्या मुलाने फळ्यावर लिहिले होते : "पाणी आणायला एक कालवा, पाणी न्यायला दुसरा." हे वाक्य ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

पिवळी नदी आणि डोंगरची माती

दुसरा गट चीनच्या ह्वांग हो नदीचा. ह्वांग हो म्हणजे पिवळी नदी. ज्या पठारावरून ती येते तिथली माती पिठासारखी भुसभुशीत. झाडे तुटली, उतार नांगरले गेले आणि माती पाण्याबरोबर निघाली. एके काळी वर्षाला सुमारे 160 कोटी टन गाळ ती वाहून नेत असे. गाळ तळाशी बसून पात्र उंच होत गेले, लोक बांध उंच करीत गेले. शेवटी कित्येक ठिकाणी नदी शेजारच्या शेतांच्या वरून वाहू लागली. 1887 साली बांध फुटला, तेव्हा नऊ लाखांहून अधिक माणसे दगावली असा अंदाज आहे. आणि वरच्या भागात उपसा इतका वाढला की 1997 साली हीच नदी 226 दिवस समुद्रापर्यंत पोचलीच नाही.

पण पुढची गोष्ट आपल्या कामाची आहे. चीनने त्या पठारावर उतारांच्या पायऱ्या केल्या, घळींना बांध घातले, चढावर झाडे लावली, मोकाट चराई बंद केली. धरणेही झाली. या सगळ्यांमुळे आज नदीतला गाळ पूर्वीच्या मानाने फारच कमी झाला आहे. ताल फुटली की आपण म्हणतो, "जाऊ दे, दोन पाट्या माती गेली." अशा दोन-दोन पाट्यांनीच ती नदी पिवळी झाली होती.

समुद्र आटतो, वाळवंट निघते

तिसरा गट तैग्रिस आणि युफ्रेटिस या जोडनद्यांचा, म्हणजे आजच्या इराकचा. माणसाने पाटाचे पाणी प्रथम जिथे खेळवले त्यांपैकी हा एक मुलूख. पाणी दिले, पण निचरा झाला नाही, आणि जमिनीत मीठ साचत गेले. काही संशोधकांच्या मते म्हणूनच तिथे चार हजार वर्षांपूर्वी गहू मागे पडून सातू पुढे आला. कारण सातू खारे जास्त सोसतो. पीक बदलायला लागणे ही जमिनीची पहिली तक्रार असते.

चौथा गट ॲमेझॉनचा. जगातल्या साऱ्या नद्या मिळून समुद्राला जेवढे पाणी देतात त्याचा सुमारे पाचवा हिस्सा ही एकटी देते. पण पाणी मुबलक म्हणून जमीन सुपीक असे नाही. तिथल्या बहुतेक जंगलाखालची माती हलकी; सारा कस झाडांत आणि पाचोळ्यात. जंगल तोडले की थोड्याच वर्षांत पीक बसते.

पाचव्या गटाने मात्र सगळ्यांना गप्प केले. मध्य आशियात अमू दर्या आणि सिर दर्या या नद्या अरल नावाच्या खाऱ्या सरोवराला मिळत. सरोवर इतके मोठे की लोक त्याला समुद्रच म्हणत. 1960 साली त्याचा विस्तार सुमारे 68,000 चौरस किलोमीटर होता. त्या काळच्या सोव्हिएत सरकारने कापूस वाढवायचे ठरवले. दोन्ही नद्यांचे पाणी कालव्यांत वळवले. कालवे बहुतांश मातीचे. किती तरी पाणी वाटेतच मुरून जाई. कापूस झाला, भरपूर झाला. पण अरलकडे जाणारे पाणी आटले. आज सरोवरातल्या मूळ पाण्याचा दहावा हिस्सासुद्धा उरलेला नाही. मोयनाक हे मासेमारीचे बंदर होते. तिथे आता गंजलेल्या होड्या वाळूत उभ्या आहेत. उघड्या पडलेल्या तळावरचे मीठ वाऱ्याने उडते आणि शेतांवर पडते. ज्या जमिनींसाठी पाणी नेले त्यांतल्याही पुष्कळ खारवल्या. उत्तरेकडच्या लहान भागात कझाकस्तानने 2005 साली बांध पुरा केला, तिथे पाणी चढले आणि मासे परत आले. पण तो तुकडा तेवढाच.

मुलांनी अरलचा तळ मिठाने रंगवला होता. ते पाहून एक मुलगी उठली आणि मला म्हणाली, "साहेब, आमच्या खालच्या पट्टीतबी असंच पांढरं आलंय. मग आमचंबी असंच हुनार का?"

मला चटकन उत्तर देता आले नाही.

गावाचाच नकाशा

त्या प्रश्नामुळे कृष्णेच्या गटाचे काम बदलले. कृष्णा महाबळेश्वरी उगवते. तिथून अरबी समुद्र हाकेच्या अंतरावर, तरी ती पाठ फिरवून सुमारे 1,400 किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते, हे मुलांनी लिहून झाले होते. गुरुजी म्हणाले, "आता समुद्रापर्यंत जाऊ नका, आपल्या शिवारातच हिंडा."

मुले चार रविवार हिंडली. जिथे जमीन पांढरी किंवा सदा ओली, तिथे नकाशावर लाल खूण. प्रत्येक ठिकाणच्या म्हाताऱ्या माणसाला तीन गोष्टी विचारायच्या : इथे पूर्वी काय पिकायचे? पांढरे कधीपासून आले? पावसाचे पाणी पूर्वी कुठून जायचे?

उत्तरे ऐकण्यासारखी होती. जिथे आज लव्हाळाही धड येत नाही तिथे खपली गहू आणि शाळू पिकत होता. आणि एक आजोबा हसून म्हणाले, "आरं पोरांनो, हितं वढा हुता. आमी म्हशी धुवायचो, पवायचो हितं!"

तलाठ्याकडून गावचा जुना नकाशा मिळवला. पातळ कागदावर मुलांच्या लाल खुणा उतरवल्या आणि तो कागद जुन्या नकाशावर ठेवला. लाल खुणा बहुतेक सगळ्या एका वाकड्या रेघेच्या कडेने बसल्या. ती रेघ त्या ओढ्याची होती. उपसा योजनेचे पाणी आले, ऊस आला आणि एकेकाने आपल्यापुरता ओढा बुजवून सपाट करून घेतला. कोणी चार गुंठे मिळवले, कोणी दहा. वरच्यांचे जादा पाणी जमिनीतून झिरपून खालच्यांकडे येई आणि बाहेर पडायला वाट नाही.

इथे मला माझीही चूक सांगितली पाहिजे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी त्याच ओढ्याच्या जागेवर उभा असलेला ऊस पाहून मी मालकाच्या पाठीवर थाप मारली होती, "पड जागा लागवडीखाली आणलीत, शाब्बास!" कृषी पदवी घेतलेल्या माणसाने विचारायला हवे होते की इथले पाणी आता कुठून जाणार? ते विचारले नववीच्या पोरांनी.

जमीन पांढरी का होते?

दिव्याच्या वातीतून तेल जसे वर चढते तसे काळ्या जमिनीतून पाणी वर चढते. जमिनीखालची पाणीपातळी चार-पाच फुटांच्या आत आली की ते पृष्ठभागापर्यंत येते. उन्हाने पाणी उडून जाते, त्यातले क्षार मागे राहतात. तुम्ही जितके जास्त पाणी द्याल तितकी वात भिजत राहते. म्हणून क्षारपड जमिनीवर पहिला इलाज निचरा, बाकी सगळे त्यानंतर.

1) नैसर्गिक ओढे, ओघळी मोकळ्या ठेवा. बुजवल्या असतील तर शेजाऱ्यांनी एकत्र बसून उघडा. एकट्याच्या रानातला चर पाणी शेजाऱ्याच्या बांधाला नेऊन सोडतो आणि भांडण उभे करतो.

2) माती तपासून घ्या. वरवर पांढरा थर पण माती मोकळी असेल तर ती बहुधा खारवट. निचरा करून चांगल्या पाण्याने क्षार धुऊन काढता येतात. माती कडक, ओली असता चिकट आणि सामू साडेआठच्या वर असेल तर ती चोपण. तिला निचऱ्याबरोबर जिप्सम लागते. किती, ते तपासणीवरून ठरते. शेजाऱ्याने टाकले म्हणून आपण टाकू नये.

3) पाणी मोजून द्या. ठिबक जमत असेल तर उत्तम. नाहीतर एक आड एक सरी भिजवा. पाळी आली म्हणून पाणी सोडू नका, पिकाला हवे म्हणून सोडा.

4) उसावर ऊस नको. मध्ये धैंचा किंवा ताग घेऊन फुलोऱ्याच्या सुमाराला गाडा. अशा जमिनीत हरभरा, मूग, उडीद टिकत नाहीत. कापूस, गहू त्यामानाने बरे.

पुढे काय झाले?

26 जानेवारीच्या ग्रामसभेला मुलांनी दोन्ही नकाशे भिंतीला लावले. ओढ्याच्या वाटेवर नऊ जणांची जमीन. आवाज चढले. वरच्या अंगाचे एक शेतकरी म्हणाले, "माझं रान चांगलं पिकतंय, मी का सोडू?" त्यावर त्यांचाच नातू उठला. म्हणाला, "आबा, पांढरं खालनं वर सरकतंय. नकाशावर वर्षं लिवल्यात, बघा की." म्हातारबाबा नकाशापाशी बराच वेळ उभे राहिले. काही बोलले नाहीत, पण मे महिन्यात यंत्र आले तेव्हा त्यांनी स्वतःच्या हद्दीतली खूण आपण होऊन दाखवली.

नऊपैकी सात जणांनी वाट दिली, दोघांनी अजून दिलेली नाही. ओढ्याचा खालचा भाग उघडला. वरचा तुकडा तसाच आहे. पावसाळ्यात खालच्या पट्टीत आठवडाभर साचणारे पाणी दोन दिवसांत निघून गेले. त्या मुलीच्या वडिलांनी धैंचा पेरला. निम्म्या रानात उगवला, निम्म्यात नाही. एका वर्षात जमीन सुधारली असे मी म्हणणार नाही. बिघडायला पंधरा वर्षे लागली, सुधारायला पाच-सात तरी द्यावी लागतील. पण त्या मुलीच्या प्रश्नाला आता मी उत्तर देऊ शकतो : "पाणी बाहेर जाऊ दिलं, तर होणार नाही."

तर मंडळी, तुमच्या घरच्या मुलाने नद्यांचा प्रकल्प काढला तर त्याला एखादा रविवार मोकळा द्या. पावसाळ्यात ओढ्याचे गढूळ पाणी पांढऱ्या बाटलीत भरून खिडकीत ठेवायला सांगा. सकाळी तळाशी जो थर दिसेल ती कोणाच्या तरी शेतातली माती आहे, कदाचित तुमच्याच. त्याला आजोबांजवळ बसवा आणि गावचे पाणी पूर्वी कुठून जायचे ते विचारायला लावा. ती वाट माहीत असलेली माणसे आता थोडीच उरली आहेत. त्यांच्याबरोबर ती वाट जाण्याआधी पोरांच्या वहीत उतरलेली बरी.