सातारच्या मुलुखातील ख्रिस्तमाउली

कृष्णा-तारळीच्या संगमावरचे उंब्रज हे समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एकाचे गाव असल्यामुळे, बलोपासनेच्या या मुलुखात ईश्वराच्या स्त्रीरूपाचा, आणि तेही ख्रिस्ती प्रतीकांतील स्त्रीरूपाचा, विचार मांडणे कित्येकांस अप्रस्तुत वाटेल. परंतु येथून उत्तरेस साताऱ्यात 1917 साली रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी मिशनची चाकरी सोडून 'देवाचा दरबार' भरविला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्यांसही मुक्तद्वार ठेवले, ही बाब ध्यानी घेतली म्हणजे प्रस्तुत विषय आपल्या उंबऱ्यापर्यंत आलेला दिसतो.

युरोपातील ख्रिस्ती साधनेत मीलनाचे रूपक मुख्यत्वे वधूवरांचे आहे. जुन्या करारातील 'गीतरत्न' हे प्रेमकाव्य जीवात्मा आणि ख्रिस्त यांच्या विवाहाचे काव्य म्हणून वाचण्याचा प्रघात पडला. बाराव्या शतकात संत बर्नार्ड याने त्यावर 86 प्रवचने केली, तरी ग्रंथाचा तिसरा अध्याय जेमतेम सुरू झाला होता! मठवासी पुरुषांनी स्वतःस वधू मानावे यात त्यांस काहीच विपरीत वाटले नाही. पुढे स्पेनमध्ये संत तेरेसाने 1577 मध्ये लिहिलेल्या ग्रंथात आत्म्याच्या सात महालांपैकी अखेरचा महाल याच आध्यात्मिक विवाहासाठी राखून ठेवला. मातृत्वाचा मान मात्र मरियेकडे गेला. इफिससच्या धर्मपरिषदेने 431 साली तिची 'देवमाता' ही पदवी मान्य केली. प्रत्यक्ष ख्रिस्तालाच माता म्हणणारी नॉर्विचची जुलियन ही त्या परंपरेतील विरळा साधिका होय.

महाराष्ट्रात हा क्रम उलटला, असे माझे मत आहे. फादर स्टीफन्सचे ओवीबद्ध ख्रिस्तपुराण 1616 मध्ये छापले गेले, आणि वांद्र्याच्या मोतमाउलीस सप्टेंबरच्या जत्रेत अन्य धर्मीयही मेणबत्त्या वाहतात. ही मरियेला मानणारी कॅथलिक परंपरा झाली. तथापि टिळक ज्या प्रोटेस्टंट पंथात आले, तेथे मरियेच्या उपासनेस थारा नव्हता. अशा रीतीने रिकामे राहिलेले मातृपद टिळकांनी खुद्द ख्रिस्तास दिले आणि अभंगांतून त्याला गुरुमाउली म्हणून आळविले. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे सांगणाऱ्या या कवीपाशी विठाई आणि ज्ञानोबामाउली यांचा वारसा आयताच होता. ज्ञानदेवांच्या विरहिण्या मराठीत असूनही वधूभाव येथील ख्रिस्ती भजनात फारसा रुजला नाही, याचे कारण वारकऱ्याच्या या लेकुरवाळ्या भक्तीत शोधावे लागेल. ती टिळकांनी धर्मांतरानंतरही सोडली नाही, हेच त्यांच्या कवित्वाचे बळ.

दैवी मीलनाची भाषा बोलणाऱ्या या धर्मांतराने प्रत्यक्ष संसार मात्र दुभंगला. 1895 मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतल्यावर पतिपत्नी काही वर्षे विभक्त राहिली. 1900 मध्ये पत्नी लक्ष्मीबाईही ख्रिस्ती झाल्या. त्या वियोगाची हकिकत लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मकथेत आहे, आणि ती कोणत्याही विवाहरूपकापेक्षा मला अधिक खरी वाटते. 1919 च्या मे महिन्यात मुंबईत टिळक वारले, तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे होते. त्या महाकाव्याचे आज उपलब्ध असलेले बहुतेक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिलेले आहेत.