आगीचा अभ्यास आणि सहीचे मोल

नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयातील विद्यार्थी परीक्षेसाठी काय काय डोक्यात साठवितो, हे पाहण्यासारखे आहे. हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो; तो १५ टक्क्यांच्या आसपास उतरला की बहुतेक ज्वाला मावळतात. एक लिटर पाण्याची वाफ सुमारे सतराशे लिटर जागा व्यापते. म्हणून बंद खोलीत पाण्याचा फवारा आगीला गुदमरवितो. मात्र तेच पाणी पेटलेल्या तेलावर ओतले, तर भडका उडतो. छतावरील स्वयंचलित फवाऱ्यातील लाल द्रवाची काचेची कुपी ६८ अंश सेल्सिअसला फुटते. नळीतून वाहताना पाण्याचा दाब घर्षणाने किती घटतो, याची गणिते तर रात्री जागवितात. या सर्वांस घोकंपट्टी म्हणून हिणविणे सोपे आहे. पण धुराने भरलेल्या जिन्यात पुस्तक उघडण्याची सवड कोणास मिळणार?

खरा प्रश्न परीक्षेनंतरचा आहे. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार, आगीपासून संरक्षण करणारी यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर जानेवारी व जुलैत सादर करावे लागते. ही संस्था निवडतो इमारतीचा मालक किंवा भोगवटादार. तिचे बिल चुकते करणाराही तोच. भाजी निवडून घेता येते. अग्निसुरक्षेचा कस मात्र आग लागल्यावरच कळतो. तोवर काटेकोर सही आणि डोळे मिटून केलेली सही रहिवाशास सारखीच दिसते. अशा बाजारात कडक तपासनिसाचे गिऱ्हाईक तुटते, हा साधा व्यवहार आहे. वर्षानुवर्षे शिकलेले गणित मग स्वस्त दरापुढे हरते.

९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आगीने दहा नवजात बालके गेली. राज्यभरातील रुग्णालयांच्या तपासणीचे आदेश निघाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात तेव्हाच्या अहमदनगरमधील जिल्हा रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग पेटला! कागद कमी पडले, असे कोण म्हणेल?

तपासणीचे शुल्क मालकानेच भरावे, पण ते स्थानिक प्राधिकरणाकडे. तपासनीस प्राधिकरणाने चिठ्ठी टाकून नेमावा आणि पुढील सहामाहीस तो बदलावा. काही इमारतींची अचानक फेरतपासणी व्हावी. सही खोटी ठरल्यास परवाना जावा. लहान गृहनिर्माण संस्थांना हा खर्च जड जाईल, हा आक्षेप रास्त आहे. त्यांच्यासाठी शुल्क क्षेत्रफळानुसार आकारता येईल.