सौरवाऱ्यातलं हेलियम
सूर्य आणि आपण : लेखांक ६

मागच्या आठवड्यात आपण सौरवाऱ्याचा वेग पाहिला. आज हा वारा कशाचा बनलेला असतो, ते पाहू. त्यात भरणा असतो प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांचा. त्यांच्या खालोखाल हेलियमची केंद्रकं, म्हणजे अल्फा कण. ऑक्सिजन, कार्बन, निऑन, लोह ही जड मंडळी सगळी मिळून एक टक्काही भरत नाहीत. सूर्यावरची धामधूम वाढली की हे मिश्रण बदलतं, आणि त्यात सर्वांत ठळक बदलतं ते हेलियम.

या हेलियमची कथा महाराष्ट्राच्या किनाऱ्याला स्पर्शून जाते. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाची सावली विजयदुर्गावरून पुढे गुंटूरकडे गेली. किल्ल्यातले ‘साहेबाचे ओटे’ त्या ग्रहणाची खूण म्हणून आजही दाखवले जातात. सूर्याच्या ज्वालांच्या वर्णपटात तेव्हा एक पिवळी रेषा दिसली. ऑक्टोबरमध्ये नॉर्मन लॉकियर यांनी इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, तीच रेषा पाहिली आणि ती सोडियमची नाही हे ओळखलं. ती रेषा हेलियमची होती. पृथ्वीवर हेलियम विल्यम रॅम्झी यांच्या हाती लागलं ते १८९५ साली.

आता हेच हेलियम भारताचं यान मोजत आहे. त्यासाठी यानच कशाला? औंढा नागनाथजवळ, आपल्याच हिंगोली जिल्ह्यात, ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहत आहे. गुरुत्वीय लहरी जमिनीवर टिपता येतात. सौरवारा मात्र येत नाही, कारण पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र त्याला वाटेतच वळवतं. म्हणून २ सप्टेंबर २०२३ ला निघालेलं ‘आदित्य-एल१’ ६ जानेवारी २०२४ ला पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरच्या आपल्या कक्षेत पोहोचलं.

त्यावरचं ‘ॲस्पेक्स’ हे उपकरण अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेचं. त्यातला ‘स्विस’ हा भाग प्रोटॉन आणि अल्फा वेगळे कसे करतो? सेकंदाला ४०० किलोमीटर वेगाने आलेल्या प्रोटॉनची ऊर्जा साधारण ८३५ इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. अल्फा कण त्याच्या चौपट जड आणि विद्युतभार दुप्पट. म्हणजे वेग तोच असला, तर दर भारामागे त्याची ऊर्जा दुप्पट भरते. विद्युतक्षेत्रातून कण वळवले की आलेखावर दोन उंचवटे उठतात : मोठा प्रोटॉनचा, आणि दुप्पट ऊर्जेच्या जागी छोटा अल्फाचा. शिवाय एका संवेदकात चुंबकाच्या साहाय्यानेही ही निवड होते. नोव्हेंबर २०२३ मधल्या नोंदींचा असा आलेख इस्रोने प्रसिद्ध केला, तेव्हा हे दोन उंचवटे सर्वांना पाहता आले.

आता आकडे बघा. सूर्याच्या पृष्ठभागावर शंभर हायड्रोजन अणूंमागे हेलियमचे सुमारे साडेआठ. प्रभामंडळातल्या विवरांतून येणाऱ्या वेगवान वाऱ्यात ते चार-पाच असतात, आणि सूर्यावरचे डाग वाढोत वा घटोत, त्यात फारसा फरक पडत नाही. मंद वाऱ्याचं तसं नाही. सूर्य शांत असताना त्यात हेलियम दोनच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येतं. सूर्य ऐन भरात असताना ते चार-पाचापर्यंत चढतं. नासाच्या ‘विंड’ यानाच्या दीर्घ नोंदींतून हे चढउतार स्पष्ट झाले आहेत.

असं का व्हावं? पुसेगावच्या शिवारात ज्यांनी तिवईवर उभं राहून धान्य उपणलं आहे, त्यांना हे पटकन कळेल. वारा पडला की भूस तेवढं उडतं, जड दाणा पायापाशीच पडतो. हेलियमही जड आहे. सूर्याच्या गुरुत्वाकर्षणातून ते एकट्याने निसटू शकत नाही. बाहेर धावणाऱ्या प्रोटॉनच्या ओढीवर त्याची भिस्त असते. हा ओघ क्षीण असला की हेलियम मागे राहतं. शांत काळात मंद वारा ज्या पट्ट्यातून येतो, तिथे ते चुंबकीय कमानींत तळाशी बसत असावं, अशीही मांडणी आहे. सक्रिय काळात मंद वाऱ्याचे उगम बदलतात, डागांच्या प्रदेशांच्या कडांवरूनही तो सुटू लागतो, आणि हेलियम पुन्हा वर येतं.

सूर्यावर प्रभामंडळीय उत्सर्जन झालं, म्हणजे कणांचा प्रचंड ढगच सुटला, की मात्र चित्रच पालटतं. तळाशी साचलेलं हेलियम एकदम बाहेर फेकलं जातं, असं मानतात. त्या ढगात प्रमाण आठच्या वर, कधी कधी त्याच्या कितीतरी पुढे जातं. असा ढग ओळखण्याची ती एक खूणच आहे. मे २०२४ मध्ये वीस वर्षांतलं सर्वांत मोठं भूचुंबकीय वादळ आलं. लडाखमधल्या हानले इथे आकाश तांबडं झालं, आणि ‘आदित्य’ने प्रोटॉन व अल्फा कणांचा वाढलेला मारा नोंदवला.

या विषयावर भारतात आधीपासून काम सुरू होतं. अहमदाबादच्याच शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये चार सौरचक्रांच्या, म्हणजे डागांच्या चढउताराच्या चार फेऱ्यांच्या, नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा २४ व्या चक्रात हेलियमची वागणूक आधीच्या चक्रांपेक्षा वेगळी आढळली. ते चक्र दुबळं होतं. त्याचा कळस एप्रिल २०१४ चा. सध्याचं २५ वं डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालं आणि त्याहून जोमदार निघालं. त्याच्या भरतीच्या काळात आपलं स्वतःचं उपकरण तिथे हजर आहे, ही मोलाची गोष्ट आहे. वाऱ्याचा वेग आणि दाटी वाटेत बदलतात. मिश्रण बदलत नाही. म्हणून वारा सूर्याच्या कुठल्या भागातून निघाला, याची सर्वांत भरवशाची साक्ष मिश्रणच देतं. ही साक्ष वाचता आली, तर वादळाचा उगम शोधणं आणि पुढचं भाकीत करणं, दोन्ही सोपं होईल.

पुढच्या लेखांकात ऑक्सिजन आणि लोह : त्यांनी गमावलेल्या इलेक्ट्रॉनांची संख्या मोजून सूर्याच्या प्रभामंडळाचं तापमान कसं काढतात, ते पाहू.