दांड्याचा कल आणि हॉलचा सोन्याचा वर्ख

निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रामरने १९९७ मध्ये ‘मेम’ ही संगणकप्रणाली प्रसिद्ध केली आणि जुन्या अर्केड यंत्रांतील इलेक्ट्रॉनिक मंडलांची नक्कल साध्या संगणकावर करणे शक्य झाले. पडदा, संगणक आणि नियंत्रणफळी एका उभ्या लाकडी कॅबिनेटमध्ये बसवून घरीच अर्केड उभारण्याच्या छंदाला त्यातून मोठे बळ मिळाले. खेळाचा मेंदू सॉफ्टवेअरने पुरवला, तरी हातात धरायचा दांडा मात्र खराखुराच लागतो, आणि तो निवडताना ‘ॲनालॉग म्हणजे अधिक अचूक, म्हणून अधिक चांगला’ हे जाहिरातींनी रूढ केलेले समीकरण सहज दिशाभूल करते.

साध्या, म्हणजे डिजिटल, जॉयस्टिकच्या बुडाशी चार मायक्रोस्विच असतात. दांडा कलला की त्यांपैकी एक किंवा शेजारचे दोन दाबले जातात आणि आठ दिशा मिळतात. दांडा किती कलला, याचा मात्र यंत्राला पत्ता नसतो. १९८० च्या ‘पॅक-मॅन’ला तर त्यांतल्याही चारच दिशा समजतात, आणि तिरकी चाल टाळण्यासाठी दांड्याखाली त्याची हालचाल बांधून ठेवणारी पट्टी बसवावी लागते. त्या काळचे बहुसंख्य खेळ याच जातीचे असल्यामुळे त्यांच्यासाठी ॲनालॉग, म्हणजे कल किती हे मोजणारा, दांडा घेणे म्हणजे पैसे मोजून गैरसोय विकत घेणे होय. कलाचे मोजमाप करून त्याचे दिशांत रूपांतर करण्याची सोय ‘मेम’मध्ये आहे, हे खरे; परंतु स्विचचा टक् असा आवाज आणि बोटांना जाणवणारा झटका त्यातून मिळत नाही.

ॲनालॉग दांडा खऱ्या अर्थाने लागतो तो हाताची जागा हीच पडद्यावरची जागा मानणाऱ्या मोजक्या खेळांना. अटारीच्या ‘स्टार वॉर्स’मध्ये (१९८३) विमानाच्या धर्तीची मूठ जितकी वळेल तितके नेमके नेमबाजीचे चिन्ह सरकते, आणि यू सुझुकी यांनी सेगासाठी घडवलेल्या ‘स्पेस हॅरियर’मध्ये (१९८५) दांडा सोडताच उडणारा नायक पडद्याच्या मध्याकडे परततो. असा खेळ स्विचच्या दांड्यावर चालवला, तर स्विच किती वेळ दाबलेला राहिला यावरून संगणकाला जागेचा अंदाज बांधावा लागतो आणि चिन्ह उशिरा निघून लक्ष्याच्या पुढे जाते. या दोन टोकांच्या मध्ये विल्यम्स कंपनीच्या ‘सिनिस्टार’ची (१९८३) एक विलक्षण तडजोड बसते. त्याचा दांडा प्रकाश-संवेदकांच्या साहाय्याने सात गुणिले सात अशा ४९ जागा ओळखत असे. पंख्याच्या जुन्या, टप्प्याटप्प्याने फिरणाऱ्या रेग्युलेटरप्रमाणे त्याला ‘किती’ कळत होते, पण ठरावीक पायऱ्यांनीच.

अखंड मोजमापाचा जुना मार्ग पोटेन्शिओमीटरचा, म्हणजे कार्बनच्या पट्टीवर सरकणाऱ्या स्पर्शकाने विद्युतरोध बदलणाऱ्या घटकाचा आहे. सर्वसाधारण पोटेन्शिओमीटर सुमारे २७० अंश फिरतो, तर दांडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फार तर ६० अंश कलतो. त्यामुळे हे माप आकड्यांत बदलणाऱ्या आठ बिटांच्या रूपांतरकाच्या २५६ पायऱ्यांपैकी प्रत्यक्षात जेमतेम ५७ हाती लागतात. गिअर किंवा लहान कोनातच पूर्ण रोध बदलणारा घटक वापरला, तर ही उधळपट्टी टळते. घरी जोडणी करणारे अनेकदा दहा बिटांचा रूपांतरक असलेला ‘आर्डुइनो लिओनार्डो’ हा छोटा नियंत्रक-बोर्ड वापरतात. त्यावर तोच दांडा सुमारे २२७ पायऱ्या देतो, आणि खेळण्यासाठी तेवढ्या पुरतात. खरी अडचण झिजेची आहे: पट्टी घासली जाते, धूळ साचते, आणि मोकळा सोडलेला दांडाही कललेला असल्याचे सांगू लागतो.

यावर तोडगा म्हणून आज ‘हॉल इफेक्ट’ हे शब्द खोक्यांवर ठळक छापले जातात. ज्याच्या नावाने ते छापले जातात, त्या एडविन हॉलची ओळख मात्र क्वचितच कोणी करून देतो. विद्युतप्रवाह वाहणाऱ्या तारेवर चुंबक जे बल लावतो ते तारेच्या द्रव्यावर लागते, प्रवाहावर नव्हे, असे विद्युतचुंबकत्वाचा सिद्धांत मांडणाऱ्या प्रत्यक्ष मॅक्सवेलने आपल्या ग्रंथात म्हटले होते. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात हेन्री रोलंडच्या हाताखाली शिकणाऱ्या हॉलला हे पटले नाही. ऑक्टोबर १८७९ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याने काचेवर चिकटवलेल्या सोन्याच्या वर्खातून प्रवाह सोडला, वर्ख चुंबकीय क्षेत्रात आडवा धरला आणि त्याच्या दोन कडांमध्ये निर्माण झालेला अगदी सूक्ष्म विद्युतदाब टिपला. प्रवाहच एका कडेकडे ढकलला जात होता. इलेक्ट्रॉनचा शोध लागायला तेव्हा आणखी अठरा वर्षे अवकाश होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या प्रयोगाचे धाडस कळते. काही धातूंत हा दाब उलट्या दिशेने का येतो, हे कोडे तर क्वांटम सिद्धांत येईपर्यंत सुटले नाही.

प्रवाह वाहणारे कण जितके विरळ, तितका हा दाब मोठा असतो. सोन्यात ते दाटीवाटीने असतात, अर्धवाहकात लाखो पटींनी कमी. म्हणूनच अर्धवाहकांच्या युगात हॉलचा शोध प्रयोगशाळेतून यंत्रात उतरला. दांड्याच्या बुडाशी चुंबक आणि त्याखाली दोन अक्षांसाठी संवेदक अशी ही रचना असते, आणि तिथे कशाचाच कशाला स्पर्श होत नसल्यामुळे मोजणारा भाग झिजत नाही. नावीन्याचा गाजावाजा करणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की अटारीने ‘आय, रोबॉट’ या खेळात असा दांडा १९८४ मध्येच वापरला होता.

‘कधीच बिघडत नाही’ हा दावाही तपासून घ्यावा लागतो. दांडा मध्यावर आणणारी स्प्रिंग हॉलच्या जॉयस्टिकमध्येही सैल पडते आणि तापमानाबरोबर चुंबकाची शक्ती थोडी बदलते. असा दोष झाकण्यासाठी मध्याभोवतीचा निष्क्रिय पट्टा, म्हणजे ज्या भागातली हालचाल सॉफ्टवेअर दुर्लक्षित करते तो, रुंद केला जातो. पण ज्या बारीक हालचालींसाठी ॲनालॉग घेतला, त्याच त्या पट्ट्यात गडप होतात. दांड्याच्या हालचालीला आवर घालणाऱ्या छिद्राचा आकार तर संवेदकाइतकाच महत्त्वाचा असून त्याची चर्चा फारशी होत नाही. गोल छिद्रात तिरका दांडा दोन्ही अक्षांवर कमाल मापाच्या सुमारे ७१ टक्क्यांपर्यंतच पोहोचतो, म्हणजे ‘सिनिस्टार’च्या ४९ चौकटींतले चार कोपरे सॉफ्टवेअरने माप ताणल्याशिवाय हाती येत नाहीत; अशा खेळासाठी चौकोनी छिद्र घ्यावे.

हॉलचा दांडा घेतलाच, तर त्याच्या शून्यबिंदूची जुळवणी मोकळ्या टेबलावर न करता तो कॅबिनेटमध्ये बसवल्यानंतर, सर्व भाग जागेवर असताना करावी, कारण नियंत्रणफळीखाली अगदी लगत बसवलेल्या ध्वनिवर्धकाचा चुंबकही संवेदकाला दांड्याच्या चुंबकाइतकाच खरा वाटतो.