अन्नाच्या नासाडीचे पर्यावरणीय परिणाम : एक विवेचन

प्रस्तावना :
पानात अन्न टाकू नये, हा संस्कार महाराष्ट्रातील घराघरांत केला जातो. त्यामागील विचार मुख्यतः नैतिक व आर्थिक असतो. या नासाडीची पर्यावरणीय बाजू मात्र बहुधा दुर्लक्षित राहते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ मधील अहवालानुसार, २०२२ या वर्षी जगात किरकोळ विक्री, उपाहारगृहे व घरे या टप्प्यांवर सुमारे १०५ कोटी टन अन्न, साली-बियांसारख्या अखाद्य भागांसह, वाया गेले. त्यात घरांचा वाटा ६० टक्के होता.

१. हानी व नासाडी :
काढणीपासून किरकोळ विक्रीपूर्वीपर्यंत जे अन्न नष्ट होते त्यास 'हानी' म्हणतात, तर विक्री व उपभोगाच्या टप्प्यांवर जे टाकले जाते ती 'नासाडी' होय. लुधियाना येथील केंद्रीय काढणीपश्चात अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेच्या २०१५ मधील अहवालात टोमॅटोची हानी १२.४४ टक्के, तर पेरूची १५.८८ टक्के नोंदविली आहे. हानीचे मूळ साठवण व वाहतुकीच्या उणिवांत असते. नासाडीचे मूळ प्रामुख्याने सवयींत असते.

२. अन्नामागील संसाधने :
एक किलो तांदूळ पिकविण्यास जागतिक सरासरीने सुमारे २,५०० लिटर पाणी (पावसाचे व सिंचनाचे मिळून) लागते. समजा, एका वसतिगृहात २०० विद्यार्थी रोज प्रत्येकी २० ग्रॅम तांदळाचा भात पानात टाकतात. तो ४ किलो तांदूळ होतो आणि त्यामागील पाणी १०,००० लिटर, म्हणजे एक मोठा टँकर भरेल इतके असते. याखेरीज खत, वीज व इंधन यांचाही व्यय झालेला असतो. जागतिक अन्न व कृषी संघटनेने २०१३ मध्ये केलेल्या अंदाजानुसार वाया जाणाऱ्या अन्नाच्या उत्पादनासाठी जगातील सुमारे २८ टक्के शेतजमीन वापरली जाते. अन्न जितके ताटाजवळ येऊन वाया जाते, तितका त्याचा पर्यावरणीय भार अधिक असतो. कारण वाहतूक, प्रक्रिया व शिजविणे यांची ऊर्जा त्यात मिळविलेली असते.

३. कचराभूमीतील परिणाम :
कचऱ्याच्या ढिगाखाली दबलेल्या अन्नास प्राणवायू मिळत नाही. अशा स्थितीत जिवाणूंच्या क्रियेने मिथेन वायू तयार होतो. शंभर वर्षांच्या कालावधीत त्याची तापवृद्धीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट असते. ढिगातून झिरपणारे दूषित पाणी भूजलात मिसळते. मिथेन ज्वलनशील असल्याने आगीचा धोकाही संभवतो. १९२७ पासून वापरात आलेल्या मुंबईतील देवनार कचराभूमीस जानेवारी २०१६ मध्ये लागलेल्या आगीचा धूर अनेक दिवस परिसरातील वस्त्यांवर राहिला. अन्न टाकणारा एक आणि त्याचा उपद्रव सोसणारा दुसरा, अशी ही विषम स्थिती आहे.

४. उपायांचा क्रम :
खतनिर्मिती व बायोगॅस हे उपाय उपयुक्त आहेत. त्यांमुळे कचराभूमीतील मिथेन टळतो आणि पोषकद्रव्यांचा काही अंश जमिनीस परत मिळतो. तथापि खर्ची पडलेले पाणी व ऊर्जा त्यातून परत येत नाहीत. म्हणून नासाडी टाळणे, उरलेले सुस्थितीतील अन्न गरजूंना देणे, त्यानंतर पशुखाद्य आणि शेवटी खत वा बायोगॅस असा क्रम असावा. महाविद्यालयांच्या हरित लेखापरीक्षणात खतखड्ड्याची नोंद होते; तथापि खड्डा भरलेला असणे हे यश नव्हे. भोजनालयात टाकलेल्या अन्नाचे रोज वजन करणे, ते फलकावर लिहिणे, उपस्थितीची आगाऊ नोंद घेणे आणि प्रथम कमी वाढून मागेल त्यास पुन्हा वाढणे, हे उपाय अल्पखर्चाचे आहेत.

समारोप :
शाश्वत विकास उद्दिष्टांनुसार किरकोळ विक्री व उपभोगाच्या टप्प्यांवरील दरडोई नासाडी २०३० पर्यंत निम्म्यावर आणावयाची आहे. अन्नाच्या नासाडीचा प्रश्न केवळ कचरा-व्यवस्थापनाचा नसून पाणी, जमीन व हवामान यांच्या रक्षणाचा आहे. त्यामुळे खतखड्डा किती भरला यापेक्षा तो किती रिकामा राहिला, यावरून प्रयत्नांचे मोजमाप होणे अधिक उचित ठरेल.