पाप आणि पावित्र्य: बायबलबद्दलचे चार गैरसमज

नवी मुंबईतल्या उलव्यात गावठाणातल्या आगरी-कोळ्यांपासून केरळच्या कुटुंबांपर्यंत सगळे शेजारी झाले आहेत. नाताळचा केक दारोदार पोचतो. शेजाऱ्याच्या धर्मग्रंथाची माहिती मात्र ऐकीवच राहते.

गैरसमज १: आदाम-हव्वेनं सफरचंद खाल्लं, पहिलं पाप म्हणजे शरीरसंबंध.
वस्तुस्थिती: बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात फळाचं नावच नाही. संततीचा आशीर्वाद पहिल्याच अध्यायात, पापाच्या आधी मिळतो. पाप आहे आज्ञाभंगाचं, देवाच्या बरोबरीला जाण्याच्या हव्यासाचं. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या १६१६ च्या ‘ख्रिस्तपुराणा’त ही कथा मराठी ओव्यांत आली आहे.

गैरसमज २: ‘सगळे पापी’ म्हणजे माणूस टाकाऊ.
वस्तुस्थिती: माणूस देवाच्या प्रतिरूपाचा, हे बायबल आधी सांगतं. प्रेषित पौल रोमकरांना लिहिलेल्या पत्रात सर्वांना एका रांगेत बसवतो, ते कुणी कुणाकडे बोट दाखवू नये म्हणून. राजालाही सूट नाही. दावीद राजानं आपला सैनिक उरीया याची बायको बळकावली आणि त्याला लढाईत मरायला धाडलं, तेव्हा नाथान संदेष्ट्यानं त्याला तोंडावर सुनावलं.

गैरसमज ३: शुद्धी म्हणजे सोवळंओवळं.
वस्तुस्थिती: जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकात अन्न, स्पर्श, बाळंतपण यांचे कडक नियम आहेत. पण मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात शिष्य विधीप्रमाणे हात न धुता जेवतात म्हणून परुशी, म्हणजे नियमांबाबत कर्मठ यहुदी, येशूला टोकतात. त्याचं उत्तर: पोटात गेलेलं अन्न विटाळत नाही; मनातून निघणारा लोभ, चोरी, निंदा, खून विटाळतात.

गैरसमज ४: बाप्तिस्मा घेतला, कन्फेशन केलं की सुटलो.
वस्तुस्थिती: कॅथलिक शिकवणीत पापनिवेदनासोबत पश्चात्ताप, पुन्हा न करण्याचा निश्चय आणि प्रायश्चित्त लागतं, चोरलेलं परत करावं लागतं. लूकच्या शुभवर्तमानातला जकातदार जक्कय लुबाडलेलं चौपट फेडायला तयार होतो. समाजसुधारक पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला. पण तेव्हा ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नव्हता, असं त्यांनीच पुढे लिहिलं. १९०५ मध्ये त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मुली रडत रडत आपली पापं कबूल करत होत्या. बाप्तिस्म्यानंतरही मनाची झाडाझडती संपत नाही, ती अशी.

थोडक्यात, बायबलमधला पापाचा हिशेब आधी स्वतःचा मांडायचा असतो. दुसऱ्याला पापी ठरवायला त्यातली वचनं वापरणाऱ्यानं, मग तो ख्रिस्ती असो वा नसो, मार्कचा सातवा अध्याय एकदा सबंध वाचावा.