निम्म्या दुधाचा करार

न्यूझीलंडमधला ‘शेअरमिल्कर’ आपल्याकडच्या वाटेकऱ्यासारखाच दिसतो: जमीन मालकाची, राबणारा दुसरा, दुधाचे पैसे निम्मेनिम्मे. पण तिथल्या पन्नास टक्क्यांच्या करारात गाई राबणाऱ्याच्या असतात, आणि सगळा फरक त्यातच आहे. आपल्या वाटेकऱ्याचा वाटा खळ्यावर मापून संपतो. तिथं दर हंगामात कालवडी जन्मतात, कळप वाढतो आणि ती वाढ राबणाऱ्याची राहते.

1882 मध्ये गोठवलेला माल घेऊन ‘डनेडिन’ जहाज इंग्लंडला निघालं. शीतकरणामुळे लोण्या-चीजला दूरची बाजारपेठ मिळाली आणि पुढे वायकाटो, तारानाकी भागांत गोठे उभे राहिले. हातात पैसा नसलेलं जोडपं आधी मजुरीला लागायचं, मग मालकाच्या गाई थोड्या वाट्यानं सांभाळायचं, मग स्वतःच्या गाई घेऊन निम्म्या वाट्यावर यायचं. शेवटी कळपातल्या काही गाई विकून जमिनीचा पहिला हप्ता भरायचा. मालकाच्या गाई सांभाळणाऱ्यांसाठी 1937 मध्ये कायदा झाला आणि ठरावीक किमान अटींपेक्षा कमी अटींवर करार करायला बंदी आली. आपल्याकडे कुळांना संरक्षण देणारा मुंबईचा कायदा 1948 चा. स्वतःचा कळप असणाऱ्याला मात्र तिथल्या कायद्यानं त्याच्या करारावर सोडलं.

मग यंत्रं आली. 1952 मध्ये रॉन शार्प यांनी गाई तिरक्या ओळीत उभ्या करून दूध काढण्याचा गोठा बांधला, 1969 मध्ये मर्व्ह हिक्स यांनी फिरता गोठा आणला. मोजक्या माणसांना शेकडो गाई आवरू लागल्या. 1980 च्या सुमारास सरासरी कळप सव्वाशेच्या आसपास होता, आज तो चारशेच्या वर आहे. माझ्या मते मजुरीपासून मालकीपर्यंतची ही शिडी इथं मोडू लागली. पन्नास-शंभर गाई पोटाला चिमटा घेऊन जमवता येतात. चारशेंसाठी बँकेच्याच दारात उभं राहावं लागतं.

त्या कर्जाची खरी किंमत दशकभरापूर्वीच्या मंदीत कळली. फोंटेरा या सहकारी संस्थेचा भाव 2013-14 मध्ये दुधातल्या स्निग्धांश-प्रथिनांच्या किलोमागे 8.40 डॉलर होता, तो 2015-16 मध्ये 3.90 वर आला. शेअरमिल्करच्या हाती त्यातला निम्माच येतो, आणि गाईंचा खर्च त्याचाच. त्यात गाईंच्या किमतीही पडतात. म्हणजे ज्या तारणावर कर्ज उभं, तेच आटतं. मालकाला निदान जमिनीचा आधार असतो. अनेक मालकांनी पुढं कळप स्वतःकडे घेतले आणि किलोमागे ठरलेल्या दरानं दूध काढणारा कंत्राटदार नेमला. त्याला पडत्या भावाची झळ कमी, पण कालवडही त्याची नाही.

गोठ्यात पहाटे उभे राहणारे हातही बदलले. पंजाबी कुटुंबं वायकाटोत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आली, रान तोडून पुढं गोठ्यांची मालक झाली. अलीकडे कँटरबरी, साउथलंडमध्ये आलेले अनेक फिलिपिनो कामगार एकाच मालकाशी बांधलेल्या परवान्यावर राबतात. तेवढ्या परवान्यावर स्वतंत्र वाटेकरी होता येत नाही. 2021 मध्ये सरकारनं एकवार मोठ्या प्रमाणावर कायम वास्तव्य दिलं, त्यातून बऱ्याच जणांची वाट मोकळी झाली. नंतर आलेल्यांना पुन्हा रांगेत उभं राहावं लागतं. काही मालक नोकराला आपल्या कुरणात त्याच्या चार कालवडी वाढवू देतात. ही मुभा मालकाच्या मर्जीवर न ठेवता नोकरीच्या करारातच लिहून मिळायला हवी.